कोठ्यातलं विमान: गावात आणि गावाबाहेर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिंगणघाटच्या पुढे, वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावात, गुरांच्या जुन्या कोठ्यात मी आणि माझा भाचा सहा वर्षांपासून दोन आसनी विमान बांधतोय. मी जिनिंगमध्ये फिटर होतो, भाचा आयटीआय झालेला. येणारा प्रत्येक जण तेच ते विचारतो. अर्धं सांगून होतं तोवर चहा येतो आणि उरलेलं राहून जातं, म्हणून हे एकदाचं लिहून ठेवलं.

उडालं का?

नाही. धड, पंख, शेपूट जोडून झालं, इंजिन चढलं, विमान स्वतःच्या चाकांवर उभं आहे. कागद चालू आहेत. टपरीवर हा प्रश्न रोज होतो, म्हणून पहिला घेतला.

काहून पण? एवढ्या पैशात ट्रॅक्टर आला असता.

ट्रॅक्टर आहे.

घरी विमान बांधायला परवानगी असते का?

मार्ग आहे, पण लांबचा आहे. आपल्याकडे सगळं नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या हातात असतं. १९३४ चा जुना विमान कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू झाला. विमानाला ‘व्हीटी’ने सुरू होणारी नोंदणी लागते, उड्डाणयोग्यतेचा कागद लागतो, चालवणाऱ्याला परवाना लागतो. यातलं एक जरी नसलं तरी जमीन सोडायची नाही, मग विमान कितीही गोड चालत असो.

वजनाचे दोन गट लक्षात ठेवा. सगळं धरून ४५० किलोपर्यंत मायक्रोलाइट, त्यावर ६०० पर्यंत लाइट स्पोर्ट. आमचं रिकामं विमान २९० किलो भरलं. दोन माणसं १६० किलो, ४० लिटर पेट्रोल साधारण २९ किलो. झाले ४७९. म्हणजे मनात मायक्रोलाइट होतं आणि काट्यावर ते निघालं नाही. हा हिशेब मी पहिल्या वर्षी करायला हवा होता, केला पाचव्या वर्षी. तुम्ही तसं करू नका.

दुसरं, पहिला पत्रा कापण्याआधी लिखापढी सुरू करा. पंख एकदा रिव्हेटने बंद झाला की आत काय आहे ते तपासणाऱ्याला दिसत नाही, आणि न दिसलेल्या गोष्टीवर कुणी सही करत नाही. आम्ही प्रत्येक फासळीचा फोटो काढतो, शेजारी फूटपट्टी आणि तारखेची चिठ्ठी ठेवून. वह्या आता नऊ झाल्यात. भाचा म्हणतो, विमानापेक्षा वह्या जड.

वेळ किती लागतो याचा अंदाज हवा असेल तर मुंबईचे वैमानिक अमोल यादव यांचं उदाहरण घ्या. त्यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. ते २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात लोकांनी पाहिलं, नोंदणी २०१७ मध्ये झाली आणि उड्डाणाचा परवाना मिळायला २०१९ उजाडलं. ते पेशाने वैमानिक होते, तरी एवढी वर्षं गेली. आम्ही कोण लागून गेलो?

यवतमाळच्या त्या पोराचं झालं तसं झालं तर?

हा प्रश्न माझी मोठी बहीण विचारते. ती गंमत म्हणून विचारत नाही, म्हणून मीही गमतीत उत्तर देत नाही.

ऑगस्ट २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात एका तरुणाचा स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरच्या चाचणीत जीव गेला. बातम्यांत आलं ते असं की मागच्या पंख्याचं पातं तुटलं, ते वरच्या मोठ्या पंख्यावर आदळलं आणि घाव डोक्याला बसला. यंत्र जमिनीवरच होतं. त्याच्या हातात कसब होतं यात शंका नाही. आपल्या खेड्यात अशा पोराला व्हिडिओवर शाबासकी देणारे हजार भेटतात. ‘थांब, हे पातं कोणत्या धातूचं, त्याला तडा आहे का, आधी बघू’ असं म्हणणारं जाणतं माणूस मात्र शोधून सापडत नाही.

फिरणारं पातं दर फेऱ्याला थोडं वाकतं आणि सरळ होतं. तार हातात घेऊन मागे-पुढे वाकवली की ती शेवटी तुटते, तसंच हे. धातूला थकवा येतो, आणि बाहेरून तो दिसत नाही. म्हणून आमच्याकडे इंजिन चालू असताना प्रोपेलरच्या पातळीत, म्हणजे त्याच्या चकतीच्या रेषेत डाव्या-उजव्या बाजूला, कुणीही उभं राहत नाही. विमान ट्रॅक्टरच्या हुकाला मागून बांधलेलं असतं, चाकांना ओंडके असतात, आणि बंद करायचा स्विच बाहेरच्या माणसाच्या हातालाही येतो. बहिणीला हे सगळं दाखवलं. तिचं समाधान झालं नाही, ते बरोबरच आहे.

स्वतःचं डिझाइन केलं का?

नाही, आणि करूही नये असं माझं स्पष्ट मत आहे. तयार किट घ्यावं किंवा नावाजलेले नकाशे घ्यावेत. पत्र्याच्या विमानांत झेनिथचं सीएच ७०१, व्हॅन्सचं आरव्ही-१२ ही जगभर बांधली गेलेली विमानं. आपल्याकडे बेंगळुरूच्या राज हंसने नळ्या आणि कापडाची एक्स-एअर बनवली. अशा विमानाच्या चुका आधीच्या लोकांनी करून झालेल्या असतात, आणि आपल्याला त्या लिहिलेल्या मिळतात. सोपं किट पाचशे ते हजार तासांचं काम. हे तास म्हणजे हातात अवजार असलेले तास. सामानाची वाट बघणं, वीज जाणं, चुकलेलं उसवणं आणि पाहुण्यांना समजावणं त्यात धरलेलं नसतं.

बल्लारशाचं सागवान असताना परदेशी लाकूड कशाला?

हे विचारणारे आमचे सुतार काका. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी लाकूड बल्लारशाहून गेलं, त्याचा त्यांना अभिमान आहे, आणि तो असायलाच हवा. पण दार उडत नाही. सागाचं एक घनमीटर साडेसहाशे किलोच्या आसपास भरतं. विमानाच्या पंखाला वापरतात ते सिटका स्प्रूस सव्वाचारशेच्या आसपास. वजनाच्या मानाने स्प्रूसची ताकद जबरदस्त असते आणि त्याचे धागे सरळ असतात. शिवाय सागात तेल असतं. वाळवी त्याला सहजी लागत नाही ती त्यामुळेच, पण गोंदही त्याला नीट धरत नाही, आणि लाकडी विमान म्हणजे निम्मं गोंदच. आम्ही पत्र्याचं विमान घेतलं. सागाचं मात्र कामाचं टेबल केलंय, बारा फुटांचं, आणि ते सहा पावसाळ्यांत केसभर हललेलं नाही.

अॅल्युमिनियम तर नागपूरच्या इतवारीत मिळतं!

मिळतं. लोहाओळीत काय मिळत नाही? पण कोणतं मिळतं ते बघा. खिडक्यांचं सेक्शन असतं ६०६३ जातीचं. पेट्या-डब्यांचा पत्रा बहुधा शुद्ध, मऊ अॅल्युमिनियमचा. विमानाला लागतो ६०६१-टी६ किंवा २०२४-टी३. त्यातला ‘टी’ म्हणजे उष्णतेचे संस्कार. ६०६१-टी६ ला कायमचा वाक यायला खिडकीच्या सेक्शनच्या जवळपास दुप्पट ताण लागतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच चांदीसारखे दिसतात, गंमत तिथेच आहे. त्यामुळे पत्र्यासोबत तो बनवणाऱ्या कारखान्याचा दाखला आला नाही तर तो पत्रा आमच्याकडे कोंबड्यांच्या खुराड्याला जातो. एक खुराडं तसं झालंच आहे.

बोल्टची गोष्ट याहून वाईट. सुरुवातीला एका दुकानातून आम्ही ८.८ चा, म्हणजे मजबुतीचा शिक्का असलेले बोल्ट आणले, विमानासाठी नाही, फक्त इंजिनाच्या स्टँडसाठी. दुसऱ्याच दिवशी एकाची मान पिळली गेली. शिक्का होता, पोलाद नव्हतं. त्या दिवसापासून विमानाचा प्रत्येक बोल्ट दाखल्यासह मागवतो, वेगळ्या डब्यात ठेवतो, आणि त्या डब्याला कुलूप आहे. किल्ली भाच्याकडे, कारण माझा हात ट्रॅक्टर दुरुस्त करताना तिकडे जातो हे मला माहीत आहे.

हात म्हटला की आवळण्याचं आलंच. विमानातला सगळ्यात नेहमीचा बोल्ट पावणेपाच मिलिमीटरचा. त्याच्या नटाला साधारण २.३ ते २.८ न्यूटन मीटर एवढाच पीळ द्यायचा असतो. जिनिंगच्या फिटरला हे आवळणं वाटतच नाही, ते बोट फिरवणं वाटतं. पहिले चार बोल्ट मी सवयीने आवळले आणि चारही फेकले. ताणलेला बोल्ट दिसायला ठणठणीत असतो. नंतर टॉर्क पान्याशिवाय नटाला हात लावायचा नाही असं ठरलं, आणि आवळून झालेल्या प्रत्येक नटावर लाल रंगाची एक रेघ. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला.

रिव्हेट मारणं कठीण असतं का?

मारणं सोपं. त्याआधीचं भोक कठीण. भोकाचा मध्य पत्र्याच्या कडेपासून रिव्हेटच्या जाडीच्या निदान दुप्पट आत हवा, नाहीतर कड फाटते. भोक पाडलं की दोन्ही बाजूंच्या बारीक धारदार कडा घासून काढायच्या, कारण तडा तिथूनच सुरू होतो. पत्रे तात्पुरते धरायला क्लेको नावाचे स्प्रिंगचे चाप येतात, मापाप्रमाणे त्यांचे रंग ठरलेले. आम्ही पाचशे घेतले आणि तरी कमी पडले.

एक बारीक गोष्ट कुणी सांगत नाही: अॅल्युमिनियमवर शिसपेन्सिलीने खूण करायची नाही. त्यातलं ग्रॅफाइट आणि अॅल्युमिनियम यांच्यात ओलावा आला की पत्रा त्या रेषेवर खायला लागतो. बारीक मार्करच वापरा. आमच्या एका फासळीवर भाच्याने पहिल्या दिवशी पेन्सिलीने स्वतःचं नाव लिहिलं होतं. ती फासळी आता भिंतीवर टांगलेली आहे.

मग जुगाडाला काहीच जागा नाही?

भरपूर जागा आहे, फक्त विमानाच्या बाहेर. उडताना सोबत येणार असेल ते दाखल्याचं. जमिनीवर राहणार असेल ते कशाचंही. आमची पत्रा वाकवायची मशीन जिनिंगच्या भंगारातल्या दोन गर्डरची आहे. पंखाला पीळ पडला का ते आम्ही गवंड्याच्या पाण्याच्या नळीने बघतो. दोन्ही टोकांचं पाणी खोटं बोलत नाही, आणि बारा फुटांवर एक मिलिमीटरचा फरक दिसतो.

स्वतः नकाशावरून पंख बांधणाऱ्याला ताकदीची परीक्षा घ्यावी लागते, तिथे तर खेडंच बरं. समजा विमान ४५० किलोचं आणि पंख चारपट भाराला बनवलेले. म्हणजे १८०० किलो. युरियाची गोणी ४५ किलोची, तर ४० गोण्या, प्रत्येक पंखावर २०. विमान उलटं करून पंखाच्या पोटावर गोण्या रचायच्या, बुडाशी जास्त, टोकाला कमी, कारण हवाही तशीच उचलते. पंखांचं स्वतःचं वजन भारातून वजा करायचं, उलट्या विमानात तेही खालीच ओढतं. गोण्या काढल्यावर पंख पहिल्या जागी परत यायला हवा. मोडण्यापूर्वीची शेवटची पायरी याच्या दीडपट, म्हणजे ६० गोण्या. पण तेवढा भार ज्या पंखावर टाकला तो पंख मग उडवायचा नसतो. आमच्या किटची ही परीक्षा बनवणाऱ्यांनी आधीच घेतलेली आहे, त्यामुळे आमचा युरिया वावरातच गेला.

मारुती ८०० चं इंजिन का नाही लावलं? माझ्याकडे पडलं आहे.

भाऊ, दर महिन्याला एक माणूस मला मारुतीचं इंजिन देऊ करतो. ७९६ सीसी, चाळीसच्या आसपास अश्वशक्ती, आणि तीही मिनिटाला पाच हजार फेऱ्यांना. आता १.७ मीटरचा प्रोपेलर पाच हजार फेऱ्यांनी फिरवला तर टोकाचा वेग सेकंदाला ४४५ मीटर होतो. आवाजाचा वेग ३५० च्या आसपास. टोक आवाजाला मागे टाकतं, नुसता कल्ला होतो आणि ओढ मिळत नाही. म्हणून मध्ये फेरे कमी करणारा गिअर हवा. तो घरी बनवला की इंजिनाच्या धक्क्यांनी आणि प्रोपेलरच्या जडत्वाने मधला शाफ्ट पिळवटतो. मोटारीची इंजिनं विमानात चालवणारे लोक जगात आहेत. त्यांची बरीचशी वर्षं याच गिअरमध्ये जातात.

आम्ही रोटॅक्स ९१२ घेतलं, १०० अश्वशक्तीचं. त्याचा गिअर आतच आहे, २.४३ ला १. इंजिन ५८०० फेऱ्यांवर असताना प्रोपेलर २४०० च्या आत राहतो. सिलिंडर हवेने थंड होतात, डोकी पाण्याने. खर्चाचं विचाराल तर करांशिवाय वीस लाखांच्या आसपास, आणि विमानातली दुसरी कोणतीही वस्तू याच्या जवळपास येत नाही.

पेट्रोल पंपावरचंच चालतं ना?

इथे आमचा बराच घाम गेला. इंजिनाला ९५ ऑक्टेनचं पेट्रोल चालतं, हा आनंद फार टिकला नाही. इंजिनवाले इथेनॉल दहा टक्क्यांपर्यंत मान्य करतात, आणि पंपावर आता वीस टक्क्यांचं पेट्रोल येतं. इथेनॉल हवेतला ओलावा पितं, पाणी जास्त झालं की त्याला घेऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि काही रबरी नळ्या, सील, फायबरच्या टाक्या त्याने मऊ पडतात. मोटरसायकल बंद पडली तर ढकलत आणता येते.

घरी तपासायची रीत सोपी आहे. १०० मिलिलिटरच्या काचेच्या मोजनळीत १० मिलिलिटर पाणी आणि वर ९० मिलिलिटर पेट्रोल घ्या, हलवा, ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं. खालचा थर १० चा २८ च्या आसपास झाला तर ते वीस टक्क्यांचं. विमानांचं खास पेट्रोल, अॅव्हगॅस १००एलएल, इंडियन ऑइलने २०२२ पासून देशात बनवायला घेतलं, पण ते पिंपाने आणावं लागतं आणि त्यात शिसं असल्याने या इंजिनाचं तेल लवकर बदलावं लागतं. आम्ही तो खर्च धरून चाललोय.

टाकीपासून इंजिनापर्यंत किती पेट्रोल वाहतं तेही मोजलं. पूर्ण जोरावर हे इंजिन तासाला २७ लिटर पितं. नुसत्या उतारावर वाहणाऱ्या नळीतून त्याच्या दीडपट, म्हणजे ४० लिटर, यायला हवं. तासभर उभं राहायची गरज नाही, पंधरा मिनिटांत दहा लिटर. नाक वर करून, चढतानाच्या कोनात मोजायचं. सपाट जमिनीवर आमचं पास झालं, नाक उचलल्यावर नापास. एका वळणावर नळी दबली होती.

आपल्या उन्हाळ्यात उडेल का?

सकाळी सातला हो, दुपारी दोनला मी तरी नाही. तापलेली हवा विरळ असते. आमचं गाव समुद्रसपाटीपासून सव्वादोनशे मीटरच्या आसपास. पण ४५ अंशांना इथल्या हवेची घनता साडेतेराशे मीटर उंचीवर असते तेवढी होते. म्हणजे मे महिन्यात दुपारी विमान उभं आमच्या वावरात आणि त्याला वाटतं आपण चिखलदऱ्याच्याही वर आहोत, फक्त गारवा नाही. १०० अश्वशक्तीचं इंजिन ८५ च्या आसपास देतं, प्रोपेलर कमी ओढतो, पंख कमी उचलतात. तिन्ही एकदम. जमीन सोडायला लागणारं अंतर दीडपटीच्या जवळ जातं. भरीला डांबरी रस्ते आणि नांगरलेली काळी वावरं तापून हवा वर फेकतात, त्यावर घारी मजेत फिरतात, चारशे-पाचशे किलोचं विमान मात्र आपटतं.

आत काय काय बसवलं? टीव्ही आहे का?

टीव्ही नाही. वेग, उंची, होकायंत्र, इंजिनाचे फेरे, तेलाचा दाब आणि उष्णता, सिलिंडरच्या डोक्याची उष्णता, आणि गवंड्याच्या लेव्हलमधल्या बुडबुड्याचा भाऊ म्हणावा असा एक गोळा, जो विमान तिरकं घसरतंय का ते सांगतो. पेट्रोलसाठी काट्यावर विश्वास नाही. टाकीच्या बाजूला पारदर्शक नळी आहे, त्यात दिसतं तेवढं खरं. रेडिओ, अपघात झाल्यास आपोआप संदेश पाठवणारा ४०६ मेगाहर्ट्झचा बीकन, हाताला येईल असं अग्निशामक. चार टोकांचे पट्टे, आणि ते सीटला नाही, सांगाड्याला बांधलेले.

वेग दाखवणारं यंत्र म्हणजे समोरून येणाऱ्या हवेचा दाब मोजणारी एक नळी, पिटो. तिची परीक्षा पुन्हा पाण्याच्या नळीनेच. यू आकाराच्या नळीत ४८ मिलिमीटर पाण्याचा फरक दिला की काट्याने ताशी १०० किलोमीटर दाखवायला हवेत. ६० ला साडेसतरा, १५० ला १०८. आमचा काटा एके दिवशी हललाच नाही. यंत्र बिघडलं म्हणून आम्ही दोन दिवस वायर-नळ्या उसवल्या. नळीच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं, आत अळीसुद्धा होती. आता पिटोला लाल कापडाची टोपी असते आणि तिला हातभर लांब फीत लोंबते, विसरायला नको म्हणून.

वायरिंगला मोटारीची साधी वायर घेऊ नका. तिचं प्लास्टिक जळलं की विषारी धूर होतो, आणि छोट्या केबिनमध्ये तो बाहेर जायला जागा नसते. विमानाची वायर महाग आहे, हलकी आहे आणि सहजी पेट घेत नाही. पत्र्यातून वायर जाते तिथे प्रत्येक भोकाला रबरी कडं. फ्यूज वायरला वाचवायला असतो, यंत्राला नाही, तेव्हा वायरच्या जाडीवरून निवडायचा. होकायंत्र रेडिओ बंद ठेवून एकदा आणि चालू ठेवून एकदा तपासायचं. आमचं चार अंश सरकत होतं, स्पीकरचं चुंबक जवळ होतं. आणि उंदीर! शेजारच्या खोलीत सोयाबीन भरलं त्या वर्षी त्यांनी शेपटीतल्या रडरकडे, म्हणजे सुकाणूकडे जाणारी वायरची अख्खी जुडी कुरतडली. आता सोयाबीन दुसरीकडे आणि कोठ्यात मांजर.

तोल कसा काढता?

कापूस व्यापाऱ्याकडून तीन इलेक्ट्रॉनिक काटे आणून प्रत्येक चाकाखाली एक. विमान पाण्याच्या नळीने समतल. दारं बंद, पंखा बंद, वारा नको. आमचं पुढचं चाक ५२ किलो, मागची दोन मिळून २३८. दोन्हींमधलं अंतर १४०० मिलिमीटर. ५२ ला १४०० ने गुणा, २९० ने भागा. भारमध्य, म्हणजे सगळं वजन जिथे तोलतं तो बिंदू, मागच्या चाकांच्या २५१ मिलिमीटर पुढे. मग पेट्रोल, माणसं, पिशव्या एकेक करून त्यात मिळवायच्या आणि भारमध्य किटवाल्यांनी दिलेल्या हद्दीत राहतो का ते पाहायचं. नाक जड असलं तर विमान त्रास देतं, शेपूट जड असलं तर एखाद्या वेळी संधीच देत नाही. गावातल्या एका पेंटरने पूर्ण विमान झळाळीत रंगवून देतो म्हटलं होतं, फुकट. दोन थरांचे दहा-बारा किलो झाले असते. नाही म्हणताना वाईट वाटलं.

तुमचं काम तपासतं कोण?

तिसरं माणूस. हे मी अक्कल विकत घेऊन शिकलो. सगळं जोडून झालं त्या संध्याकाळी मी आत बसलो, विमान वळवायचा दांडा उजवीकडे केला, भाचा बाहेरून ओरडला, “हलतंय!” दोघंही खूश. दुसऱ्या दिवशी भाच्याचा एक मित्र आला आणि सहज म्हणाला, मामा, दांडा उजवीकडे तर उजवं एलेरॉन वर जायला पाहिजे ना? एलेरॉन म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी. ते खाली जात होतं. दोन्ही तारा उलट्या जोडल्या होत्या. आम्ही हालचाल तपासली होती, दिशा नाही. तसंच उडालो असतो तर उजवीकडे वळायला गेलो की विमान डावीकडे कललं असतं. आता दर वेळी बाहेरच्याने ‘हलतंय’ म्हणायचं नाही, ‘उजवं वर, डावं खाली’ म्हणायचं.

वावरातूनच उडवणार का?

नाही. काळी माती पावसाळ्यात चाक गिळते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पुढचं चाक भेगेत गेलं की प्रोपेलर जमिनीला. धुऱ्यावरून ११ केव्हीची लाइन जाते, जिचे खांब दिसतात आणि तारा दिसत नाहीत. पहाटे रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा कळप असतो, रात्री रानडुकरं. आणि जमीन सातबाऱ्यावर माझी असली तरी उड्डाणाची जागा म्हणून ती वापरायला वेगळी परवानगी लागते. पहिलं उड्डाण खऱ्या धावपट्टीवरूनच, पंख काढून ट्रकने नेऊन. नागपूरला मोठ्या विमानांची आणि हवाई दलाची गर्दी असते, त्यामुळे डोळा चंद्रपूरजवळच्या मोरवा किंवा यवतमाळच्या पट्टीवर आहे. त्यांचं उत्तर काय येतं त्यावर पुढचं.

पहिल्यांदा तुम्हीच उडवणार?

मी नाही. अशा विमानांचा अनुभव असलेला वैमानिक. मी खाली उभा राहून वहीत आकडे लिहीन.

माझा मुलगा दहावीत आहे, त्याला यात यायचं आहे.

खासगी वैमानिक परवान्याला सतरा वर्षं पूर्ण, दहावी पास, वैद्यकीय तपासणी आणि किमान ४० तास उड्डाण लागतं. व्यवसाय म्हणून उडवायचं तर बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, आणि २०० तास. गोंदियाजवळ बिरसीला प्रशिक्षण चालतं, एकदा नेऊन दाखवा. पण पोराला उडवण्यापेक्षा बांधण्यात रस असेल तर आधी त्याला सायकलचं चाक आरे ताणून सरळ करायला लावा. कंटाळला नाही तर आमच्याकडे पाठवा.

पैसे कुठून येतात?

सात एकर, थोडी पेन्शन आणि ट्रॅक्टर दुरुस्ती. ज्या वर्षी कापसाला भाव नाही त्या वर्षी विमानाला रिव्हेट नाही. एक वर्ष पूर्ण कोरडं गेलं, त्यात वह्या नीट लिहून काढल्या.

घरचे काय म्हणतात?

बायको म्हणते, निदान कुठे आहे ते माहीत असतं.

बघायला येऊ का?

या. उलंगवाडी, म्हणजे कापसाची शेवटची वेचणी झाल्यावर या, वेचणीच्या दिवसांत आम्ही वावरात असतो. रविवारी सकाळी बरं. आत येताना खिशातली नाणी, पेन, मोबाइल दाराजवळच्या टेबलावर काढून ठेवायचे, कारण पडलेलं नाणं दांड्याच्या तारेत अडकतं आणि आम्हाला ते शोधायला अर्धं धड उघडावं लागतं. मागच्या दिवाळीत दोन रुपयांसाठी एक दिवस गेला. पंखावर हात टेकायचा नाही. पोट्ट्यांना आत बसून फोटो काढता येईल, एकेक करून. प्रोपेलरला कुणीही हात लावायचा नाही, चावी काढलेली असली तरी.